शाळा गावाच्या हाती द्यावी का? फुले, आंबेडकर आणि स्कूल बोर्ड

शिक्षणाच्या इतिहासावर प्रपोजल लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात 'लोकसहभाग' हा शब्द हमखास येतो. वाक्य साधारण असं असतं: शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून स्थानिक संस्थांकडे आला आणि लोकसहभाग वाढला. वाचायला बरं वाटतं, गाईडही सहसा तिथे लाल रेघ ओढत नाहीत. पण व्हायव्हाला कोणी विचारलं की 'लोक म्हणजे कोण? ते सहभागी व्हायचे म्हणजे नेमकं काय करायचे?', तर पंचाईत होते.

म्हणून आज एक कोडं तुमच्यासमोर ठेवतो. महाराष्ट्रात सर्वांच्या शिक्षणासाठी सगळ्यात आग्रहाने भांडलेली दोन माणसं काढा म्हटलं, तर तुम्ही जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर ही नावं घ्याल. या दोघांनीही, शेहेचाळीस वर्षांच्या अंतराने, प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती पूर्णपणे सोपवायला लेखी विरोध केला. एकाने 1882 मध्ये, दुसऱ्याने 1928 मध्ये. दोन्ही वेळा विरोध नोंदवला तो इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे. आता हे 'लोकसहभाग वाढला' या वाक्यात कसं बसवायचं?

सोपी पळवाट म्हणजे 'त्यांचा सरकारवर विश्वास होता' असं म्हणून पुढे जाणं. तसं करू नका. फुल्यांनी शिक्षण खात्याची जी झाडाझडती घेतली आहे ती वाचली तर हा मुद्दा तिथल्या तिथे गळून पडतो. कोड्याचं उत्तर शोधायला आपल्याला पैशापासून सुरुवात करावी लागेल.

पैसा कोणाचा, पोरं कोणाची

मुंबई इलाख्यात शेतकऱ्याच्या जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा जादा घेतला जायचा. हा स्थानिक उपकर, म्हणजे लोकांच्या तोंडी 'लोकल फंड'. त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते वगैरे कामांसाठी. 1869 च्या कायद्याने या फंडाला पक्की चौकट मिळाली. म्हणजे बघा, गावात शाळा असो नसो, आपलं पोर शाळेत जात असो नसो, शेतसारा भरणारा प्रत्येक जण शाळेचा खर्च उचलत होता. करदाता म्हणून त्याचा सहभाग शंभर टक्के होता. पालक म्हणून तो बहुतेक वेळा शून्य होता.

हंटर आयोग 1882 साली नेमला गेला. फुल्यांनी त्याला जे निवेदन दिलं त्यावर 19 ऑक्टोबर 1882 ही तारीख आहे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो ही त्यातली मुख्य तक्रार. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, या मागण्या तुम्हाला माहीत असतीलच, नेटसेटच्या गाईडमध्येसुद्धा त्या असतात. पण एक मुद्दा फारसं कोणी उचलत नाही. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च सोसावा, मात्र त्या शाळांचा कारभार त्यांच्याकडे कोणत्याही परिस्थितीत पूर्णपणे देऊ नये, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली राहावा, असं फुले सांगतात.

आणि हे ते बाहेरून बघून सांगत नाहीत. 1876 पासून काही वर्षं ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. टेबलाभोवती कोण बसतं, कोणाचा ठराव पास होतो आणि कोणाचा अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला जातो, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. आयोगाचा कल मात्र उलट होता. मे 1882 मध्येच लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आलेला होता, आणि हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे सोपवण्याची शिफारस केली. 1884 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं उभी राहिली. 'लोकल बोर्डाची शाळा' हा शब्दप्रयोग तुमच्या आजी-आजोबांकडून ऐकला असेल, तो या व्यवस्थेतून आलेला.

तिकडे लंडनमध्ये

आता थोडं विषयांतर, पण ते कामाचं आहे. स्थानिक शाळा मंडळाची निवडणूक कशी असू शकते, याचा एक नमुना त्याच साम्राज्याच्या राजधानीत आधीच चालू होता. इंग्लंडच्या 1870 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने 'स्कूल बोर्ड' नावाची स्वतंत्र मंडळं तयार झाली. दर तीन वर्षांनी निवडणूक, आणि ती थेट. स्थानिक कर भरणारा रहिवासी मतदार. कर स्त्रीच्या नावावर असेल तर तीही मतदार (व्यवहारात याचा फायदा विधवांना आणि अविवाहित बायकांना झाला, कारण लग्न झालेल्या बाईच्या नावावर सहसा घरच नसे). स्त्रियांना उमेदवार म्हणून उभंही राहता येत होतं. पार्लमेंटसाठी मत द्यायला ब्रिटिश स्त्रियांना 1918 पर्यंत थांबावं लागलं, हे लक्षात घेतलं की या कायद्याचं महत्त्व कळतं.

लंडनच्या मंडळाची पहिली निवडणूक 29 नोव्हेंबर 1870 ला झाली. जागा 49. मॅरिलबोन विभागात डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट यांना 47,858 मतं पडली, त्या विभागात पहिल्या आल्या. शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली त्याच विभागातून निवडून आले, त्यांच्या मागे. ग्रीनिचमधून एमिली डेव्हिस आल्या. पुढे 1888 मध्ये टॉवर हॅम्लेट्समधून ॲनी बेझंट याच मंडळावर निवडून आल्या. होय, आपल्या होमरूल चळवळीच्याच बेझंटबाई.

पण माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मतदानाची पद्धत आहे. विभागात सात जागा असतील तर प्रत्येक मतदाराला सात मतं. ती सात जणांना एकेक द्या, नाहीतर सातही मतं एकाच उमेदवाराला टाका. याला आपण संचयी मतदान म्हणू. याचा परिणाम असा की, संख्येने थोड्या असलेल्या गटाने ठरवून आपली सगळी मतं एका माणसावर टाकली, तर बहुसंख्यांना तो माणूस पाडता येत नाही. इंग्लंडमध्ये याचा उपयोग कॅथलिकांना झाला, कामगारांच्या उमेदवारांना झाला. मोठ्या पंथांना ही पद्धत अजिबात आवडत नव्हती, हे सांगायला नकोच.

मतदानाची ही पद्धत डोक्यात ठेवा. ती मुंबईत परत येणार आहे.

1923 चा कायदा: मत जातं कुठे?

मुंबई इलाख्यात 'स्कूल बोर्ड' हा शब्द खऱ्या अर्थाने रुजला तो 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर. त्याआधी गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं होतं. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे दिला, आणि त्यांनी तो आपल्या स्कूल बोर्डामार्फत चालवायचा असं ठरलं. सक्तीचं शिक्षण कधी, कुठे सुरू करायचं, याची योजना आखण्याचं कामही स्थानिक संस्थेचंच.

इथे जरा थांबून एक काम करा. कागद घ्या आणि एका खेड्यातल्या माणसाचं मत शाळेपर्यंत कसं पोहोचतं याची शिडी काढा. पहिली पायरी: तो मतदार आहे का? जमीन महसूल, घरपट्टी अशा कराच्या अटींवर मताधिकार ठरत होता, म्हणजे भूमिहीन माणूस इथेच बाहेर. दुसरी पायरी: मतदार असेल तर तो लोकल बोर्डाचा सभासद निवडणार. तिसरी पायरी: ते सभासद मग स्कूल बोर्डाचे सभासद निवडणार. स्कूल बोर्डासाठी म्हणून वेगळी, थेट निवडणूक नाही. लंडनचा करदाता शाळेच्या प्रश्नावर मत देत होता. आपल्याकडचा करदाता रस्ता, विहीर, दवाखाना आणि शाळा या सगळ्यांसाठी मिळून एक माणूस निवडत होता, आणि तो माणूस पुढे शाळेसाठी कोणाला निवडतो यावर त्याचा काही ताबा नव्हता.

या शिडीच्या प्रत्येक पायरीवर कोण गळतं ते पाहिलंत की आंबेडकरांचं 1928 चं निवेदन वेगळंच दिसायला लागतं. 29 मे 1928 ला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या स्थितीवर निवेदन दिलं. त्याच्या शेवटच्या निष्कर्षांत पहिलाच मुद्दा असा आहे की सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा रद्द झाला नाही आणि प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे देणं थांबलं नाही, तर अस्पृश्यांच्या शिक्षणाला मोठा फटका बसेल. पहिल्यांदा वाचताना आपण दचकतो. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा रद्द करा, आणि हे कोण म्हणतंय, तर आंबेडकर!

पण कायद्याचं नाव बाजूला ठेवा आणि कायदा कोणाच्या हाती काय देतो ते बघा. ज्या गावात महाराच्या मुलाला शाळेच्या ओसरीवर किंवा बाहेर बसवतात, त्याच गावातल्या वजनदार मंडळींच्या प्रतिनिधींकडे शिक्षकाची नेमणूक, बदली, शाळेची जागा आणि सक्ती लागू करण्याचा निर्णय जातो. खात्याचा इन्स्पेक्टर कितीही दूरचा, कितीही बेफिकीर असला तरी त्याच्याविरुद्ध वर दाद मागता येत होती. गावकीविरुद्ध गावातच कुठे मागणार? 'सरकारवर विश्वास' हे स्पष्टीकरण म्हणूनच मला पोकळ वाटतं. प्रश्न दाद मागण्याच्या जागेचा होता. फुल्यांचा 'खर्च नगरपालिकेने करावा, पण कारभार पूर्णपणे तिच्याकडे नको' हा आग्रहही याच प्रकाशात वाचावा, असं माझं म्हणणं आहे.

याच काळातली आणखी एक नोंद बघा. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलमध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला, आणि 1927 च्या सत्याग्रहानंतर तो मागेही घेतला. तळ्याच्या बाबतीत स्थानिक संस्थेने काय केलं ते आंबेडकरांनी निवेदनाच्या आदल्याच वर्षी अनुभवलं होतं. स्कूल बोर्डाकडून वेगळी अपेक्षा त्यांनी का ठेवावी?

ज्यांना मत नव्हतं ते काय करायचे

इथे संशोधक म्हणून आपली खरी परीक्षा असते. मतदार यादीत नाहीत, बोर्डावर नाहीत, म्हणजे हे लोक सहभागी नव्हते असं लिहायचं का? अजिबात नाही. ते अर्ज करत होते.

सगळ्यात गाजलेला अर्ज धारवाडचा. जून 1856 मध्ये एका महार मुलाने फी भरायची तयारी दाखवून सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेल्यावर त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. एकाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडून जातील, अशा धर्तीचं कारण देऊन सरकारने हात झटकले. पण प्रकरण तिथे मिटलं नाही. ते कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारपर्यंत आणि लंडनपर्यंत गेलं, हंटर आयोगाच्या चर्चेत आलं, आणि आंबेडकरांनी 1928 च्या निवेदनात ते पुन्हा उकरून काढलं. एका मुलाचा एक अर्ज बहात्तर वर्षं फायलींतून फिरत राहिला. त्याला शाळा मिळाली नाही. त्याचा कागद मात्र पुढच्या प्रत्येक वादात पुरावा म्हणून उभा राहिला.

म्हणून तुम्ही स्थानिक शाळांवर काम करत असाल तर बोर्डाच्या इतिवृत्तांवर थांबू नका. इतिवृत्तात ठराव असतो, कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं हे असतं. जो माणूस दाराबाहेर उभा होता तो तिथे सापडत नाही. तो सापडतो आवक-जावक नोंदींमध्ये, शिक्षण खात्याच्या फायलींत जोडलेल्या अर्जांमध्ये, वर्तमानपत्रांतल्या तक्रारवजा पत्रांमध्ये. 'बहिष्कृत भारत'सारख्या नियतकालिकाचे अंक त्यासाठी चाळावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

आता त्या संचयी मतदानाकडे येऊ. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतात अनेक जागांच्या मतदारसंघांसाठी हीच पद्धत वापरली गेली: जितक्या जागा तितकी मतं, आणि हवी तर सगळी एकालाच. पुणे करारानंतर मतदारसंघ संयुक्त होते, राखीव जागेच्या उमेदवारालाही सगळ्यांची मतं लागत. अशा वेळी दलित मतदारांना आपली सगळी मतं आपल्या पसंतीच्या माणसावर टाकता येणं, ही मोठी गोष्ट होती. लंडनच्या शाळा मंडळात 1870 ला जी युक्ती थोड्यांच्या उपयोगी पडली ती मुंबईत विधानसभेसाठी आली. स्कूल बोर्डासाठी मात्र तशी थेट निवडणूक आली नाही.

मंडळ गेलं, समिती आली

पुढचा भाग भराभर सांगतो. 1938 च्या दुरुस्तीने आणि नंतर 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डांवर सरकारचा हात वाढला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डांचं काम परिषदेच्या शिक्षण समितीकडे गेलं. शिडी तशीच राहिली: तुम्ही परिषदेचा सदस्य निवडता, शिक्षण समितीवर कोण बसणार हे परिषद ठरवते. बदल एकच, पण फार मोठा: प्रौढ मताधिकारामुळे पहिल्या पायरीवरचा अडसर गेला.

खरा वेगळा विचार आला तो 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात. कलम 21 प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान 75 टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत 50 टक्के स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे, अध्यक्ष पालकांपैकीच, मुख्याध्यापक सचिव. शाळा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं ही समितीची कामं.

1882 आणि 1923 शी ताडून बघा. तेव्हा हक्क कर भरण्याशी जोडलेला होता, मूल शाळेत असो नसो. आता हक्क मुलाशी जोडला आहे, कर भरा न भरा. फुल्यांची तक्रार 'पैसा आमचा, शाळा दुसऱ्यांची' अशी होती. आज उलटी अडचण दिसते: ज्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीत अशा रहिवाशांना, आणि गावातली वजनदार कुटुंबं आता बहुतेक याच गटात मोडतात, समितीच्या निवडीत मत नाही. त्यांना शाळेबद्दल बोलायचं तर ग्रामसभा, ग्रामपंचायतीचा जो प्रतिनिधी समितीवर असतो तो, नाहीतर जिल्हा परिषदेचं मतदान हेच रस्ते. यातला शेवटचा रस्ता किती कच्चा आहे हे आपण पाहिलंच आहे. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, कारभार प्रशासकांकडे गेला आणि पुढे काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. त्या काळात तिथे निवडून आलेली शिक्षण समिती अस्तित्वातच नव्हती. गावातल्या शाळेची पालकांची समिती तेवढी कागदावर उरली.

'कागदावर' हा शब्द मुद्दाम वापरतो. पालकसभेची सूचना किती दिवस आधी निघाली, ती कुठल्या वस्तीपर्यंत पोहोचली, सभा मजुरीच्या वेळेत ठेवली का, नावं सभेत सुचवली की आधीच ठरलेली वाचून दाखवली, महिला सदस्याची सही आहे पण तिचा एखादा मुद्दा इतिवृत्तात आहे का, या गोष्टींवर ती समिती खरी की नावापुरती हे ठरतं. कायद्याने शिडीच्या दोन पायऱ्या काढून टाकल्या. उरलेल्या एका पायरीवर काय होतं हा आता संशोधनाचा विषय आहे, आणि तुमचं मूल त्या शाळेत असेल तर तुमच्या घरचाही.

ज्यांना यावर प्रपोजल करायचं आहे त्यांच्यासाठी एक छोटी सूचना. एक तालुका घ्या, दहा-बारा शाळा निवडा. प्रत्येक शाळेत समितीचं प्रोसिडिंग बुक असतं, पालकसभेची नोंद असते. मुख्याध्यापकांना नीट पत्र देऊन विचारलं तर बरेचदा बघायला मिळतं, नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. जुन्या वह्या आधी मागा, कारण रंगकामाच्या वेळी सगळ्यात आधी त्याच रद्दीत जातात.